हात कसा द्यावा

विडी घरकुलचं समाजमंदिर, एप्रिलचा दुसरा रविवार.
कूलरमध्ये पाणी नाही, पंख्याचं एक पातं वाकडं.
फळ्यावर मी खडूनं लिहिलं: घोयरा, हाताळणी व निगा.
खाली तारीख. तारीख चुकली होती. कुणी बोललं नाही.

माणसं अकरा, घोयरे नऊ.
बुटांच्या खोक्यात, पोपटाच्या पिंजऱ्यात,
एक मच्छरदाणीत गुंडाळून, आणि एक
कांड्यांच्या करंडीत, वर टॉवेलचं झाकण.
इरफान नदाफ म्हणाला गिरगिट,
चनवीर हत्तुरे म्हणाला गोसुंबे,
राजमणी गड्डम हळूच म्हणाल्या ऊसरवेल्ली,
पुस्तकातलं नाव मी घेतलं तेव्हा सगळे हसले.
ज्याचं नाव चाललं होतं त्यानं
एक डोळा दाराकडे ठेवला, एक माझ्याकडे.
विश्वास दोन्हीकडे नव्हता.

मी सांगत गेलो.
वाटीतलं पाणी त्याला पाणी वाटत नाही,
पानावर थेंब हलला पाहिजे.
पाठीवरून धरू नका. वरून येतं ते सगळं त्याच्या लेखी घार.
रंग तो लपायला बदलत नाही;
ऊन, राग, भीती, झोप, आत असेल ते बाहेर.
चनवीर म्हणाला, "म्हणजे आमच्या नगरसेवकाला
आपण उगाच सरडा म्हणतो. सरड्याची माफी मागाय पाहिजे."
हशा झाला. पिंजऱ्यातला एक काळा पडला.

आता हात.
त्याच्या छातीपुढे, जरा खाली, फांदीसारखा.
आणि स्थिर. दगडासारखा स्थिर.
यावर मी तीनदा भर दिला.

येमूलांचा बालाजी, तालमीत जाणारा,
सात मिनिटं हात धरून बसला. घोयरा आला नाही.
इरफानच्या बोटावर एक पाय टेकला,
चिमट्यासारखा, आणि काढून घेतला.
माझाही हात नाकारला त्यानं.
अकरा वर्षं करतोय मी हे.

राजमणीबाई मागे बसल्या होत्या.
तंबाखूसाठी मी त्यांना हात धुवायला लावले होते,
तीनदा. चौथ्यांदा त्या आपणच धुऊन आल्या,
"वास जात न्हाई हो, बत्तीस वर्षांचा हाय. चालंल का?"
त्यांचा हात थांबत नाही.
रिकामा असला तरी अंगठा बोटावरून फिरतो,
नसलेलं पान वळतो, नसलेलं तोंड दुमडतो,
हजाराची मोजणी रविवारीही चालूच.
"हात थांबवा," मी म्हणालो.
"थांबत न्हाई," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात.

घोयरा डुलला.
पुढे, मागे, पुढे, वारा नसताना वाऱ्यातलं पान होऊन
(हे फळ्यावर लिहायचं मी विसरलो होतो)
आणि त्या हलत्या हातावर चढला.
कुठली फांदी दगडासारखी असते?

शेपटीचा वेढा हिरव्या बांगडीला.
हिरवा नाही झाला तो, आधीच सांगून ठेवतो.
फिकट पिवळा झाला, झोपताना होतो तसा.
कुणाचा तरी फोन वाजला,
त्यानं तो मांडीखाली दाबला.

घोयरा पाळायचा नसतो, हे मी शेवटी सांगणार होतो.
कायदा, कलम, दंड; चिठ्ठी खिशात होती.
पाच वाजता वनखात्याची गाडी येणार, माळावर न्यायला,
हे मला एकट्याला माहीत.
बोलावताना मी निगा म्हणालो होतो, परत द्या म्हणालो नव्हतो.
रंग कुणी बदलला, ते तुम्ही ठरवा.

मी तोंड उघडायच्या आत राजमणीबाईच म्हणाल्या,
"जाऊ द्या ह्याला. गल्लीतला लिंब तोडला म्हणून
आमच्या पत्र्यावर आला हुता.
कुंपणापर्यंत धाव म्हणत्यात ना?
आमच्याकडं कुंपणच तेवढं राहिलंय."

गाडी सव्वासहाला आली.
करंडी त्यांनी ड्रायव्हरच्या हातात दिली,
टॉवेल तेवढा मागून घेतला, झटकला,
आणि चार पदरी घडी घालून काखेत धरला,
भाकरी बांधून आणल्या होत्या जणू.